पाच गिनीची राणी

बाईंनी पर्समधून रुमाल काढला, गाठ सोडली आणि नाणं टेबलावर ठेवलं. पारखींच्या ओठांशी गेलेला चहाचा कप तिथेच थांबला.

पारखी हे काही त्यांचं आडनाव नव्हे. या संग्रहालयात तीस वर्षं नाणी तपासण्यात गेली, म्हणून सगळे तसं म्हणत.

इंग्लंडच्या राणीचं पाच गिनीचं सोन्याचं नाणं. साल सतराशे तीन. मुखड्याखाली एका बंदराचं नाव, कारण सोनं तिथल्या लढाईत लुटलेलं. जगात अशी वीसएक उरलेली. त्यातलं एक याच इमारतीत, काचेखाली.

त्यांनी नाणं तळहातावर घेतलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. विद्यार्थी असताना इथलं नाणं पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा आला होता तसाच. त्या काट्यापायी त्यांनी घरच्यांचा रोष पत्करून ही नोकरी धरली. पण नोकरीला लागल्यावर तो पुन्हा कधी आला नाही. सवयीनं सगळंच बोथट होतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

"कुठून मिळालं?"

"वडिलांच्या कपाटात होतं. शिक्के कोरायचे ते. गेल्या महिन्यात गेले."

"विकायचंय?"

"नाही. तुम्ही आधी नीट बघा."

पारखींनी काचेखालचं नाणं आणलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. वजन तंतोतंत. कडा, अक्षरं, कुठे बोट ठेवायला जागा नाही. अर्ध्या तासानं भिंग राणीच्या कानापाशी अडलं. संग्रहालयाच्या राणीच्या कानावरून केसांची एक बारीक बट वळून गेली होती. बाईंच्या राणीचा कान मोकळा होता.

त्यांचं मन खट्टू झालं.

"बाई, कसं सांगू. ही नक्कल आहे."

"कशावरून?"

"या बटेवरून. माझ्या पुस्तकात हिच्यावर अख्खं प्रकरण आहे. आमच्या या नाण्यावरून मी आयुष्यभर खरं-खोटं ठरवलंय. पण कोरणाऱ्याचा हात काय सांगावा. नमस्कार करावा असा. तुमच्या वडिलांना कुणीतरी फसवलं."

"बाबांना या कामात फसवणं सोपं नव्हतं," बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी भिंग मागून घेतलं आणि संग्रहालयाच्या नाण्यावर वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या. वर पाहिलं तेव्हा डोळे भरलेले होते.

"तीस-बत्तीस वर्षांपूर्वी बाबा इथल्या नाण्यांचे साचे काढायला यायचे. शेवटच्या दिवशी मला म्हणाले, कपाटातलं नाणं परत नेऊन दे."

"परत?"

बाईंनी आपलं नाणं त्यांच्याकडे सरकवलं आणि रुमाल दुसऱ्याशेजारी पसरला.

"हे मात्र मला नेऊ द्या. ती बट माझ्या आईची आहे."