बेलवरची रिकामी जागा

फ्रँकफर्टच्या मराठी मंडळाने जर्मनीत सोसलेल्या भेदभावाचे अनुभव मांडायला 'आपली गोष्ट' नावाची मोहीम काढली, तेव्हा पोस्टरं करायचं काम उत्कर्षाने हट्टाने मागून घेतलं. समितीपुढे तिने शेवटचं पोस्टर पडद्यावर लावलं. इमारतीच्या बेलचा फोटो होता; घरमालकाच्या नावावर काळी पट्टी आणि त्याखाली नावाची एक जागा रिकामी. शेजारी मजकूर होता, 'मी त्यांच्याकडे भाड्याने राहत होते. बेलवर माझं आडनाव त्यांनी लावू दिलं नाही. पोस्टमनला नाव सापडलं नाही आणि माझं व्हिसाचं पत्र परत गेलं.'

अध्यक्ष गुरुदत्तकाका हळहळले. "आपली आडनावं खुपतात या जर्मनांना. हेच सगळ्यात मोठं छाप. हॉलच्या दारातच लावू."

"घरमालकाचं नाव झाकलंय, काका. तसंच ठेवू?"

"झाकायचं कशाला? कळू दे ना सगळ्यांना."

उत्कर्षाने तिथल्या तिथे काळी पट्टी काढली. पहिल्या रांगेतल्या, काकांच्या पत्नी अरुंधतीकाकू पडद्याकडे बघतच राहिल्या.

"अहो, ही तर आपली बेल."

"हो काकू. तुमच्याकडे पूजेला येणारे लोक आडनावावरून माझी जात ओळखतील, अशी काकांना धास्ती होती."

काकांनी पडद्यावरचं स्वतःचं नाव पुन्हा वाचलं. ते सगळं साफ विसरले होते. उत्कर्षा विसरली नव्हती.

"मग काका," तिने शांतपणे विचारलं, "दारातच लावायचं ना?"