तिसरं मत

“पाटी बोलू दे, तू बोलू नकोस.”

बापाचा हा आवाज त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा. पण आज सकाळपासून तो रोझवीटाच्या कानात घुमत होता. ती परीक्षक होती. समोर, शाळेच्या कारखान्यातल्या तिरक्या लाकडी सांगाड्यावर, झोरित्सा छपराची शेवटची पाटी बसवत होती. काळ्या दगडाची पातळ पाटी तिनं कानाशी नेली, हातोडीनं टिचकी मारली. नाद स्वच्छ आला. मग तीन खिळे, तीन ठोके. छप्पर कसं, तर माशाच्या अंगावर खवले चढावेत तसं. एकही पाटी हलत नव्हती, एकही फट दिसत नव्हती.

फक्त सगळं छप्पर उलट्या बाजूनं चढलं होतं.

क्लासेन सरांनी प्रश्नाचा कागद पुढं केला. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या या व्यवसाय शाळेत ते तीस वर्षं शिकवत होते. “वारा डावीकडून, असं इथं स्पष्ट लिहिलंय. बाईंनी तो उजवीकडून धरलाय, पाट्यांच्या उघड्या कडा वाऱ्याच्या तोंडाला आल्यात. खऱ्या घरावर पहिल्याच वादळात पाणी आत आलं असतं.”

झोरित्सा गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली उतरली. “सर, वारा कागदातून येतो होय? हे मोठं दार पश्चिमेला आहे. सकाळपासून माझ्या उजव्या कानात शिरतोय. मी त्याचंच ऐकलं.”

टिलमनला हसू आलं. तिघा परीक्षकांत तो सगळ्यांत लहान, कामगारांचा प्रतिनिधी. “वाऱ्याला परीक्षेला बसवलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते, बाई.”

“बाहेर थांबा जरा,” क्लासेन सर झोरित्साला म्हणाले.

ती दाराकडे गेली. चालताना तिचा डावा गुडघा किंचित बाहेर पडत होता. सर्बियातून आली तेव्हापासून बावीस वर्षं ती खांद्यावर पाट्या घेऊन शिड्या चढत होती. पाट्या बसवायला ती शिकली ती इतरांचे हात बघत, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. हातात कारागिरीचा दाखला नाही म्हणून कामावर तिचं नाव हमालातच राहिलं. आता युरोपची नवी योजना आली होती. ज्यांचं शिक्षण कामावरच झालं, त्यांनाही तीन वर्षांच्या उमेदवारीशिवाय परीक्षेला बसू द्यायचं. या जिल्ह्यात झोरित्सा पहिली. पास झाली तर ती उद्यापासून कारागीर. नापास झाली तर पुन्हा शिडी, पुन्हा ओझं, आणि तो गुडघा आणखी दोन हिवाळेही काढणार नव्हता.

दिशेची चूक माफ करायची की नाही, ते परीक्षकांनी ठरवायचं होतं.

“पास,” टिलमन म्हणाला. “असं काम मी माझ्या मुकादमाच्या हातूनही बघितलेलं नाही.”

“नापास.” क्लासेन सरांनी पेनाचं टोपण काढलं. “माझा हिच्यावर राग नाही. काम सुंदर आहे, मलाही दिसतंय. पण तीन वर्षं शाळेत बसली असती तर आधी कागद वाचला असता. आज ही दारातल्या वाऱ्याचं ऐकते, उद्या आणखी कुणाचं ऐकेल. आपला अहवाल ब्रसेल्सला जाणार आहे. उमेदवारी नको म्हणून इथून एकदा लिहून गेलं, की आपली शाळा कशाला हवी?”

त्यांच्या आवाजात भीती होती, आणि ती खोटी नव्हती. या वर्षी त्यांच्या वर्गात चारच मुलं होती.

दोघंही रोझवीटाकडे बघू लागले. दाराच्या काचेपलीकडे झोरित्सा पाठमोरी उभी होती. हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. एकदा खिशात, एकदा कमरेवर, पुन्हा खिशात.

“पास,” रोझवीटा म्हणाली.

क्लासेन सरांनी चष्मा काढला. “लोरशाइडबाई, मागच्याच महिन्यात तुम्ही या योजनेविरुद्ध सही केलीत. कारागीर संघाचं पत्र तुमच्या भावानं लिहिलं, खाली दुसरी सही तुमची.”

“केली.”

“मग नुसतं पास चालायचं नाही. कारण लिहावं लागेल. काय लिहू?”

ती सांगाड्यावरच्या शेवटच्या पाटीकडे बघू लागली. टिलमननं खुर्ची सरकवली.

“मी वर्गात मुलांना काय सांगतो, ठाऊक आहे?” क्लासेन सर आता हळू बोलत होते, समजूत घातल्यासारखं. “एव्हाल्ड लोरशाइडचं परीक्षेचं छप्पर बघा म्हणतो. त्र्याऐंशी सालचं. या जिल्ह्यात त्यानंतर तसं झालं नाही. आणि ते का झालं? तीन वर्षांची चोख उमेदवारी. तुमच्याच भावाचं उदाहरण आहे, बाई. त्याला काय उत्तर देऊ?”

रोझवीटानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. हे बोलून झाल्यावर भाऊ पुन्हा दारात उभं करणार नाही, हे तिला माहीत होतं. परीक्षकाची खुर्चीही जाणार होती.

“लिहून घ्या, सर. त्या वर्षी बाईमाणसाला कायद्यानं छपरावर चढता येत नव्हतं. मला उमेदवार म्हणून कुणी घेतलं नाही, मी बापाचे हात बघत शिकले. परीक्षेला मी एव्हाल्डचे कपडे घालून आले, आणि दिवसभर तोंडातून शब्द काढला नाही. उमेदवारी त्यानं केली होती. छप्पर मी घातलं.”