खिडकीखालचा डाग

माडीच्या फळ्या घासून लोण्यासारख्या गुळगुळीत झाल्या, पण खिडकीखालचा काळा वाटोळा डाग काही हटेना.

“आमच्या सूनबाईंचा पराक्रम तो!” यमुनाक्का सुतारमेस्त्रींना म्हणाल्या. “नवी नवरी असताना ओला हंडा टेकवला. शेणाच्या जमिनीवर वाढलेल्या पोरीला लाकडाची काय कदर!” बावीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांनी हेच ऐकवलं होतं. शालन नेहमीप्रमाणे मान खाली घालून भुसा गोळा करत राहिली.

पॉलिशआधी मेस्त्रींनी डागावर लिंबू पिळलं. काळा रंग हळूहळू फिका पडला.

“हा हंड्याचा नव्हे, आक्का. ओल्या फळीवर लोखंड बसलं की लाकूड असं काळवंडतं. इथे लोखंडी काय असायचं?”

यमुनाक्कांनी वाकून डागाकडे पाहिलं. फळ्या पुसल्या पुसल्या त्या तिथेच आपला लोखंडी खलबत्ता मांडून सुपारी कुटायला बसत. त्याला हात लावायची दुसऱ्या कुणाची टाप नव्हती.

“तुला ठाऊक होतं?” त्यांनी सुनेला विचारलं.

“होतं, आई.”

“मग बोलली का नाहीस?”

“आज पहिल्यांदाच विचारलंत.”

आक्कांनी पदर खोचला, मेस्त्रींच्या हातून लिंबाची फोड घेतली आणि गुडघे धरत त्या फळीवर बसल्या.