कुंपणाबाहेरून

"साथ जाईल गं पोरी, पण ही कुंपणावरून बोलायची सवय जायची नाही," नांगोझो आजी एकदा म्हणाल्या होत्या. "एक दिवस मी आत पडलेली असेन, आणि तुम्ही बाहेरून हाक मारून, रीत पाळून, आपापल्या घरी जाल."

शेजारची तियांजाने हसली होती. "आजी, तुम्ही आम्हा सगळ्यांना पोहोचवून मग जाणार," असं म्हणून तिने पाठीवरचं तान्हं बाळ घट्ट आवळलं होतं आणि कुंपणापासून आणखी एक पाऊल मागे सरली होती.

आज आंब्याखाली सभा होती. बायका कमरेला गुंडाळायची आपापली चितेंजे कापडं जमिनीवर पसरून बसल्या होत्या, पुरुष दवाखान्यातून उचलून आणलेल्या बाकांवर. जिल्हा परिषदेचे कालुवा साहेब साथीनंतर दवाखाना कसा सावरला ते सांगत होते. छप्पर झालं. हात धुवायला नळ लावलेल्या नव्या बादल्या आल्या.

"बादल्या छान आहेत साहेब," मागून एनेलेसी म्हणाली. "तापाच्या गोळ्या तेवढ्या नाहीत. म्हणजे आता मरायचं ते हात स्वच्छ धुऊन."

सभा हसली. गावप्रमुखही हसले, मग साहेबांकडे बघून खाकरले.

"गोळ्या येतील," साहेब म्हणाले. "आता घरोघर तब्येत विचारायच्या फेरीचं. साथीत आपण ती कुंपणाबाहेरून घ्यायला शिकलो. पूर्वी आठवडा जायचा, आता आपला लॅमेक एका सकाळीत गाव उरकतो. हीच पद्धत कायम ठेवावी म्हणतो. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

बाकावरचा आरोग्यसेवक लॅमेक ताठ बसला. हात वर जाऊ लागले. तियांजानेचाही उठला. बाळ लहान, चार माणसं घरात न आलेली बरी, हे तिचंच म्हणणं होतं.

तेवढ्यात तिची नजर आंब्याच्या थोरल्या मुळाकडे गेली. ती नांगोझो आजींची जागा. तिथे कोणी नव्हतं. एवढी गर्दी असून बायका ती जागा सोडून बसल्या होत्या.

"आजी कुठेत?" तिने एनेलेसीला विचारलं.

"लेकीकडे गेल्या असतील. काल हाक मारली मी, उत्तर नाही."

"मीही मारली सकाळी," पलीकडची म्हणाली.

लॅमेक वळला. "माझ्या फेरीतही सामसूम होती. एकट्या राहणाऱ्या मकावाबाबांकडेही तसंच. म्हाताऱ्या माणसांना काय, कंटाळा आला की निघाले कुठेतरी."

तियांजानेचा हात खाली आला. बाहेर उभं राहून 'ओडी' म्हणायचं, आतून 'ओडिनी' आलं की मगच पाऊल टाकायचं. उत्तर नसेल तर मुकाट परत फिरायचं. बिनउत्तराच्या घरात चोर शिरतो, शेजारी नाही. हे या गावातल्या लेकराला चालायच्या आधी शिकवतात. तिघांनी हाक मारली होती. तिघंही शहाण्यासारखे परत आले होते.

ती उभी राहिली.

"पोरी, बोलायचं तर रीतीने बोल," गावप्रमुख म्हणाले.

तिने गुडघे टेकले, हलक्या टाळ्या वाजवल्या. "मला बोलायचं नाही, बाबा. मला जायचंय."

ती निघाली. मागून आधी कुजबुज आली, मग पावलं.

आजींच्या बोरूच्या कुंपणापाशी तिचे पाय आपोआप थांबले. तिने मागे हात नेऊन बाळाचं कपाळ चाचपलं. गार होतं, ताप नव्हता.

"ओडी!"

अंगणात एक कोंबडी माती उकरत होती.

"ओडी, आजी!"

"बघ, नाहीत ना," लॅमेक मागून म्हणाला. "उत्तर नाही तर आत कसं शिरायचं?"

ती कुंपण ओलांडून गेली. दाराशी पुन्हा थांबली, आणि दाराला कान लावला.

तेव्हा तिला ऐकू आलं. मक्याचं वाळकं पान पानावर घासावं तेवढाच आवाज.

"ओडिनी."

तिने दार ढकललं. आजी चटईच्या कडेला आडव्या होत्या. एक पाय नको तसा वळला होता. पाण्याचं मडकं हाताच्या पल्याड उलटलं होतं, जमीन कधीच सुकून गेली होती.

"ओडिनी," तिच्याकडे बघून त्या पुन्हा म्हणाल्या. ओठ चिरले होते. "सगळ्यांना म्हणत होते गं. कालपासून, जो आला त्याला. ये, आत ये."

कोपऱ्यातल्या घागरीतून तियांजानेने ओंजळीत पाणी घेतलं आणि बोटांनी थेंब थेंब त्यांच्या ओठांवर सोडलं. पाठीवरचं बाळ जागं होऊन रडू लागलं. तिने त्याला रडू दिलं.

मग ती दारात आली. अख्खी सभा कुंपणाबाहेर उभी होती. कालुवा साहेब, गावप्रमुख, एनेलेसी, लॅमेक. एकानेही अजून आत पाऊल टाकलं नव्हतं.

"आत या," ती म्हणाली. "दवाखान्याची सायकलगाडी आणा, पाय मोडलाय. आणि कोणीतरी आत्ताच्या आत्ता मकावाबाबांना बघून या. उत्तर आलं नाही म्हणून परत फिरू नका. दाराला कान लावा."