धुरकट काच

शेवगावच्या लॉजवर मी कामाला आहे. पाणी तापवायचं गच्चीवरचं सोलर जुनं झालं, म्हणून मालकांनी सत्त्याण्णव साली नवं बसवलं. जुन्या सोलरच्या पेट्यांच्या काचा आतून धुरकट झाल्या होत्या. माझी बायको भिमाबाई देवाघरी जाईपर्यंत रोज त्या वरून पुसायची.

आतलं तांबं काढायला महेंद्र मिस्त्री काचा फोडत होता.

"शेवटची पेटी मला राहू दे," मी म्हणालो.

"मामा, आता भंगारासंगं संसार करता काय?" हसत त्यानं हातोडा उचलला आणि तसाच धरून राहिला.

काच पुसली जात होती. हळूहळू, गोल गोल.

"मामा, हे आतून हाय. पेटी तर अजून उघडली न्हाई."

तो मागं सरकला. मी काचेवर तळहात टेकला.

पुसणं माझ्या हाताखाली येऊन थांबलं.