विजोड मोजे

डाउन सिंड्रोम दिनाला डुलुथमधल्या आमच्या किराणा दुकानात सगळे दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालतात. गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरणाऱ्या मॅरिबेथला डाउन सिंड्रोम आहे, म्हणून यंदा जेवणाच्या सुट्टीत आम्ही नऊजण तिच्या टेबलाभोवती दाटीवाटीनं बसलो, फोटो काढले, तिच्या विनोदांवर खदखदून हसलो. वर्षभराचं पुण्य पदरात पडलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे पुन्हा खिडकीपाशी, आपापल्या नेहमीच्या जागी. ती एकटीच नऊ खुर्च्या मांडून बसलेली, एका पायात लाल मोजा, दुसऱ्यात पिवळा. मी सँडविच घेऊन शेजारून निघालो, तर तिनं वाकून माझ्या पॅन्टची कड उचलली. दोन्ही मोजे काळे. "विसरलास ना, डेल? वेंधळाच आहेस!" तो दिवस काल होता, हे ओठांवर आलं. तेवढ्यात तिनं बूट काढून पिवळा मोजा माझ्या हातात ठेवला. "हा घाल. मग बसता येईल तुला."