पावणेतीन इंच

बाही दीड इंच आखूड झाली होती.

मास्तरीणबाईंनी ती वहीतल्या मापाशी पुन्हा ताडून पाहिली. पुन्हा दीड इंचच. बावीस वर्षं त्या या शिवणकामाच्या दुकानात कापड बेतत होत्या, कापत होत्या, आणि कुणाचं बोटभर कापड त्यांनी वाया घालवलं नव्हतं. चुकायचंच होतं तर नेमकी शिडीसाहेबांची बाही सापडली!

शिडीसाहेब म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. उंची सहा फूट चार इंच. तयार कोटाची बाही त्यांच्या मनगटापर्यंत जन्मात पोचली नव्हती. म्हणून यंदा त्यांनी जपून ठेवलेलं कापड आणून दिलं होतं, तेही अगदी नेमकं. तीन वाजता ते कोट न्यायला येणार होते. आणि चार वाजता मास्तरीणबाईंना डॉक्टरांकडे जायचं होतं.

टेप समोरच पडला होता. उलटा. सेंटिमीटरची बाजू वर.

आता शिंप्याचं सगळं जग चालतं इंचावर. टेपला मागची बाजू असते, हे बाई विसरूनच गेल्या होत्या. पण नऊ दिवसांपूर्वी डॉक्टर म्हणाले, "डाव्या अंडाशयावर गाठ आहे. सात सेंटिमीटरची. कसली आहे, ते बाकीचे रिपोर्ट आले की सांगतो." तेव्हापासून बाई दिवसातून वीसदा टेप उलटा करत, सातावर बोट ठेवत आणि कुणी बघत नाही असं पाहून तेवढा तुकडा पोटाला लावून बघत. आज सकाळीही तेच केलं. मग बाहीच्या नेहमीच्या कागदी नमुन्यात साहेबांसाठी अडीच इंच वाढवायला गेल्या आणि वाढवले अडीच सेंटिमीटर.

"वन्सं," त्या मशीनवर बसलेल्या नणंदेला म्हणाल्या, "हात गेला हो माझा."

"कुठे गेला? मनगटाला तर दिसतोय," नणंद मान वर न करता म्हणाली. "डोकं तेवढं तुझं पोटात जाऊन बसलंय."

बाई हसल्या नाहीत. "मला भीती वाटते, वन्सं. कॅन्सर निघाला तर?"

तो शब्द नऊ दिवसांत पहिल्यांदा तोंडाबाहेर पडला होता. मशीन थांबलं. नणंद उठली आणि बाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"निघाला तर बघू. मी आहे ना! नाही निघाला तरी ती गाठ काढायची का ठेवायची, ते बघावंच लागणार आहे." मग तिनं नाक ओढलं. "पण तीन वाजता शिडी येतेय, वहिनी. आधी ते बघ."

बाईंनी डोळे पुसले आणि चिंध्यांची टोपली पालथी केली. कापडाच्या दोन अरुंद पट्ट्या निघाल्या. बाहीच्या टोकाला वर वळवलेला कफ लावला, तर जोड झाकला जाईल आणि लांबीही भरून निघेल. कफ केवढा ठेवायचा? अडीच बारीक दिसेल. तीन अंगावर येईल. पावणेतीन. त्यांनी खडूनं रेघ मारली, आणि नऊ दिवसांच्या सवयीनं टेप उलटा झाला.

सात.

"अगंबाई! वन्सं, सात सेंटिमीटर म्हणजे पावणेतीन इंच!"

"मग?"

"मग काय मग! पावणेतीन इंच मला माहितीये की! कॉलरचं टोक तेवढंच असतं. रोज कापते मी!"

त्यांनी कात्री उचलली. रेघेवरून ती एका दमात, न थांबता, शेवटपर्यंत गेली. भीती गेली असं नाही. पण त्यांनी लगेच दुसरी पट्टीही पुढे ओढली.

तीनला शिडीसाहेब आले. कोट चढवून आरशासमोर उभे राहिले, दोन्ही हात पुढे करून बघत राहिले.

"हा कफ मी सांगितला नव्हता."

"चुकलं माझं, साहेब. बाही आखूड कापली गेली, म्हणून लावला. नको असेल तर कापडाची भरपाई करते."

"बाई, सत्तर वर्षं मी उघडी मनगटं घेऊन हिंडलो," साहेब म्हणाले. त्यांनी हात खाली सोडले, वर केले, पुन्हा सोडले. "आज झाकली गेली. पुढच्या कोटाला एवढी चूक तेवढी आठवणीनं करा."

आणि थंडी नसताना कोट अंगातच ठेवून, सगळी बटणं लावून ते रस्त्यानं चालू लागले.

नणंद तोंडाला पदर लावून हसत होती. बाईंनी अंगावरचे धागे झटकले, केस नीट केले, रिपोर्टची पिशवी काखोटीला मारली.

"चल, लवकर जाऊन बसू. वाट बघायची तर तिथंच बघू."

दोघी पायऱ्या उतरल्या, तेव्हा कुठे नणंदेचं लक्ष गेलं.

"अगं वहिनी, टेप गळ्यातच राहिलाय!"

"राहू दे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "डॉक्टरांच्या गळ्यात त्यांचं असतं, माझ्या गळ्यात माझं."